माझ्या काचेवरचे सोळा ठिपके

मनालीला माझ्याकडून दोन महिने मिळायचे होते. हे आधीच सांगून टाकतो, कारण कोण माझ्याकडे काय घ्यायला आलं होतं ते कळलं की पुढचं सगळं आपोआप कळतं. विठूदादाला मिळायची होती शाबासकी. सुशील सरांना वार्षिक अहवालात लावायला चार रंगीत फोटो. आणि हौसामावशीला हवं होतं एका प्रश्नाचं उत्तर: खारं पाणी शिरलेल्या शेतात तिचं लाल भात टिकेल, की शेतकऱ्यांच्या सोसायटीतून मिळणारं पांढरं? चौघांत सगळ्यात लहान मागणं तिचं होतं. आणि चौघांत तीच एकटी अशी होती, की उत्तर चुकलं तर तिला ते शिजवून खावं लागणार होतं.

मित्रांनो, मी एक जुना सूक्ष्मदर्शक आहे. तुम्ही मला मायक्रोस्कोप म्हणता, तेही चालतं. तुमच्या निडी गावच्या शाळेत खिडकीजवळच्या टेबलावर मी बसलेला असतो आणि तुम्ही कांद्याचा पापुद्रा माझ्याखाली सरकवून आपसात ढकलाढकली करता. डोळे लावून माझ्यावर वाकलेल्या माणसाला वाटतं, आपण बघतोय. खरं म्हणजे त्याच वेळी मीही त्याला बघत असतो, आणि बोटभर अंतरावरून. इतक्या जवळून माणूस फार काही लपवू शकत नाही. घाई त्याच्या पापणीत दिसते. म्हणून मला सवय लागली आहे, कोण काय घेऊन गेलं आणि काय ठेवून गेलं ते मनात टिपून ठेवायची. आज जे सांगतोय त्यात माझंही नाव आहे, आणि ते चांगल्या बाजूला नाही.

माझा जन्म अंबाल्याचा. तिथे एका कारखान्यात माझं लोखंडी पाऊल ओतलं, पितळी दाते कापले आणि भिंगं बसवली. तिथून मी पुण्याच्या एका कॉलेजात गेलो. अठरा वर्षं मुलांनी माझ्यातून स्वतःच्याच पापण्यांचे केस बघितले आणि वहीत ‘पेशी दिसली’ असं लिहिलं. मी कुणाची तक्रार केली नाही. पुढे कॉलेजाला नवी यंत्रं आली आणि मी कपाटावर गेलो. कपाटावर गेलेल्या वस्तूला एकच भीती असते, पुढची जागा भंगाराची. ही भीती लक्षात ठेवा. पुढे जे झालं, त्याच्या मुळाशी तीच आहे.

मला तिथून पेणला आणलं ते सुशील सरांनी. खाडीकाठच्या शेतीवर काम करणारी त्यांची छोटीशी संस्था होती: दोन खोल्या, मागे अंगण, अंगणात भात लावलेले निळे टब. सरांनी माझं डोकं बदललं. दोन नळ्या माणसाच्या डोळ्यांसाठी होत्याच, तिसरी सरळ वर जाणारी नळी बसवली आणि तिच्यावर कॅमेरा. आता मी जे बघायचो ते शेजारच्या कॉम्प्युटरच्या पडद्यावर दिसायचं. म्हातारपणी दात यावेत तसं मला वाटलं. नाही म्हणायला माझी एक खोड राहिलीच होती. माझा फोकसचा स्क्रू ढिला होता. आठ-दहा दिवसांनी तो आपोआप घसरायचा, चित्र धूसर व्हायचं, आणि मग विठूदादा मला पूर्ण उघडून पुसायचा, स्क्रू आवळायचा आणि परत जोडायचा.

विठूदादा जोह्याचा, पेणजवळच्या गणपतीच्या कारखान्यांच्या गावचा. वीस वर्षं त्याने गणपतींचे डोळे आखले होते. जोह्यात हे काम सगळ्यांना देत नाहीत. माती कुणीही मळेल, रंग कुणीही मारेल, पण डोळ्यांची आखणी करणारा हात वेगळा. पुढे त्याचा हात किंचित कापायला लागला. एका मूर्तीची नजर जराशी तिरकी गेली, तेव्हा त्यानेच कुंचला खाली ठेवला आणि संस्थेत मदतनीस म्हणून आला. रोज जोह्याहून एसटीने पेणला यायचा. मला पुसायचा तेव्हा त्याचा हात कापत नसे. माझ्या भिंगाला तो ‘डोळा’च म्हणायचा.

मनाली रोह्याची. सकाळच्या गाडीने यायची, संध्याकाळच्या गाडीने जायची. तिची संस्थेतली मुदत डिसेंबरपर्यंत होती. हातात एखादं पक्कं काम दिसलं तर मुदत वाढणार, नाहीतर राम राम. हुशार होती, कामाला वाघीण होती, आणि एकच उणीव: तिचं अर्धं लक्ष कायम घड्याळाकडे असायचं. त्यात तिचा दोष नाही. रोह्याची गाडी कुणासाठी थांबत नाही.

आता हौसामावशी. खाडीच्या अंगाला तिचं गाव. त्या वर्षी पावसाळ्याच्या तोंडावर मोठ्या उधाणाला गावाचा बांध फुटला आणि बावीस घरांच्या शेतात खाडी शिरली. त्या साली कुणी काही लावूच शकलं नाही. पुढच्या साली बांध घालून झाल्यावरही जमीन खारीच राहणार होती. तेव्हा त्यात कोणतं भात लावायचं? मावशीच्या घरच्या कणगीत लाल भाताचं बियाणं होतं, सासूच्या सासूपासून चालत आलेलं. बाकीच्या घरांनी ते कधीच सोडलं होतं, कारण लाल भाताला बाजारात कुणी विचारत नाही. गावात ते आता फक्त तिच्याकडेच उरलं होतं. गावाचा कारभार बघणारा काळुराम एक दिवस तिला घेऊन संस्थेत आला आणि म्हणाला, “सर, ही म्हनते लाल लावा. सोसायटीवालं म्हनतान पांढरं लावा. आमी बावीस घरं कुनाचं आयकू?”

सर म्हणाले, “आमच्या मशिनचं ऐका.”

त्या वाक्याने मी फुगलो, हे कबूल करतो.

काम असं होतं. अंगणातल्या टबांत दोन्ही भातं लावायची आणि खाडीचं पाणी घालायचं. लोंब्या फुलोऱ्यात आल्या की त्यातले परागकण, म्हणजे फुलातली ती बारीक भुकटी, काचपट्टीवर झटकायची आणि त्यावर आयोडीनचा थेंब टाकायचा. जो कण आतून भरलेला असेल तो काळा पडतो. पोकळ असेल तो पिवळट राहतो. खारं पाणी ज्या भाताला सोसत नाही, त्याचे कण पोकळ निघतात, आणि पोकळ कणांच्या लोंबीत दाणा भरत नाही. काळे किती, पिवळे किती, एवढंच मोजायचं होतं. लोंब्या फुलोऱ्यातच कापून आणायच्या असल्यामुळे टबातल्या भाताचा दाणा बघायची सोय नव्हती. सगळी भिस्त माझ्यावर होती.

मोजायचे होते बाराशे फोटो. एकेका फोटोत तीसेक कण. डोळ्यांनी मोजायचे तर दोन महिने गेले असते, म्हणून मनालीने कॉम्प्युटरला मोजायला शिकवलं. पडद्यावर एकेका कणाभोवती ती गोल काढायची आणि सांगायची, हा काळा, हा पिवळा, हा काळा. अशी दोनशे गोलांची शाळा झाल्यावर तो आपला आपण मोजू लागला. तेच तिचे वाचलेले दोन महिने. विद्यार्थी चांगला होता, पण एक गोष्ट त्याला कुणी शिकवली नव्हती: काळं गोल दिसतंय ते सगळं परागकणच असतं असं नाही.

शेत पाण्याखाली, म्हणून हौसामावशीच्या हाताला काम नव्हतं. ती आठवड्यातून दोनदा टबांची निगा राखायला यायची आणि उन्हं कलली की मनालीच्या शेजारी स्टुलावर बसायची.

“यी कालीकाली भरलेली का गो?”

“हो मावशी. आणि ह्या पिवळ्या पोकळ.”

“माझी मानसं कुठली?”

“हीच. लाल भात. बघा, किती काळी आहेत.”

“तर मग,” मावशी म्हणाली, “मीठ खाऊन वाढलेली हायेत.”

लाल भात लवकर फुलतं. सप्टेंबरच्या पहिल्या पंधरवड्यात त्याचे फोटो झाले. तेव्हा मनाली रोज सकाळी आधी कोऱ्या काचेचा एक फोटो काढायची. काचेवर काही नसताना फोटोत काही दिसलं, तर ते कुठूनतरी माझ्यातलंच, हे बघायची ती पद्धत. माझा फोटो रोज स्वच्छ निघाला. शंभर कणांत त्रेसष्ट काळे, असा लाल भाताचा आकडा आला. तो खरा होता. मित्रांनो, हा आकडा जपून ठेवा, कारण यापुढे मी खरं बोलणं बंद केलं.

सप्टेंबरच्या शेवटी मनाली तीन आठवडे पुण्याला प्रशिक्षणाला गेली. पांढरं भात उशिरा फुलणारं, त्याला अवकाश होता. खोलीच्या कौलातून पाणी झिरपत होतं. विठूदादाला माझी काळजी वाटली. त्याने मला ओल्या फडक्याने नखशिखांत पुसलं आणि मग घरून आणलेली जाड पारदर्शक पिशवी माझ्यावर चढवली आणि खाली सुतळीने गच्च बांधली.

“बाप्पाला घालतो तशी घातलीय,” तो सुशील सरांना म्हणाला. “धूळ नाय लागायची, थेंब नाय पडायचा.”

“शाब्बास विठू,” सर म्हणाले.

जोह्याच्या कारखान्यांतून मूर्ती तयार झाली की अशीच पिशवीत जाते. रांगेने उभ्या असतात, पिशवीतून नुसते डोळे लकाकतात. मला कुणी आयुष्यात इतक्या मानाने झाकलं नव्हतं. पुण्यात माझ्यावर जुनी चादर टाकत, तीही कुणाच्या खाटेवरची. मी पिशवीत बसून तीन आठवडे स्वतःला देव समजत होतो, आणि पिशवीत कोंडलेली ओल माझ्या कॅमेऱ्यापुढच्या काचेवर हळूहळू बुरशी धरत होती. मला ती जाणवली. आधी बारीक कोळिष्टकासारखी, मग गोल गोल ठिपके. मोजून सोळा. त्या काचेतून फक्त कॅमेरा बघतो; माणसाच्या डोळ्यांच्या नळ्या वेगळ्या. म्हणजे कुणी वाकून माझ्यातून बघितलं असतं, तर त्याला स्वच्छच दिसलं असतं. पडद्यावर मात्र सोळा काळे गोल.

ऑक्टोबरात मनाली परत आली. पिशवी सोडताना सुशील सर दारात उभे होते. ते सहज म्हणाले, “या म्हाताऱ्याचा हा शेवटचा हंगाम. पुन्हा स्क्रू घसरला तर सांग, नव्या मशिनसाठी अर्ज टाकतो.”

आता ऐका माझा गुन्हा.

मला तोंड नाही, ही सबब मी स्वतःला पुष्कळदा सांगून पाहिली. पण माझ्याकडे स्क्रू होता. तो घसरला असता की विठूदादाने मला उघडलं असतं, काच पुसली असती, बुरशी दिसली असती. दर आठ-दहा दिवसांनी जे न मागता होत होतं, ते त्या वेळी व्हायला हवं होतं. मी होऊ दिलं नाही. भंगाराच्या भीतीने मी दात दातांत रुतवून धरले. पंधरा दिवस, एकदाही न घसरता, एखाद्या तरण्या यंत्रासारखा. मनाली म्हणालीसुद्धा, “विठूदादा, तुमच्या पिशवीने हा सुधारला की.”

विठूदादा लाजून हसला. मीही हसलो असतो, हसता येत असतं तर.

कोऱ्या काचेचा फोटो तिने त्या वेळी काढला नाही. पहिल्या दिवशी राहिला, दुसऱ्या दिवशी वाटलं, गेल्या महिन्यात रोज स्वच्छच येत होता. तिकडे काळुरामचा रोज फोन. सोसायटीला दिवाळीआधी सांगायचं होतं, बियाणं किती घरांना लागेल. तिच्या मुदतीचे अडीच महिने उरलेले. आणि पावणेसहाची गाडी.

त्या हंगामातल्या शेवटच्या दिवसांतली एक संध्याकाळ. मनाली भराभर फोटो काढत होती, स्टुलावर हौसामावशी. पडद्यावर एक फोटो आला, गेला, दुसरा आला.

“थांब गो,” मावशी म्हणाली. “मागं जा वायच.”

मनालीने मागचा फोटो आणला.

“यी बघ. ही तिघं जनी जवल जवल, आनि ही कोपऱ्यात येकटी. आता पुढं जा. हायेत का नाय? परत तितंच.”

“मावशी, कण सगळे सारखेच दिसतात.”

“सारखी दिसतान गो. पन सारखी बसतान कशी? लावनीला बायका उभ्या केल्यासारखी?”

मनाली हसली. तिने घड्याळाकडे बघितलं. “तुम्ही आज माझी गाडी चुकवणार. बाराशे फोटोत एखादी जागा जुळतेच हो. कॉम्प्युटर चुकत नाही मोजायला.”

मावशीने आणखी एकदा पडद्याकडे बघितलं. तिची नजर तेव्हा मी बघितली. भाताच्या रोपांत एक वेगळं रोप उगवलं तर बांधावरून ओळखणारी ती नजर. ती बरोबर होती, आणि तिला माहीत होतं की ती बरोबर आहे. मग तिने पदराने डोळे पुसले, जणू दोष तिथे होता.

“आसल बाय,” ती म्हणाली. “तुझा डोला नवा, माझा जुना.”

मी तेव्हा स्क्रू सोडायला हवा होता. एक दाता सोडला असता तरी चित्र विस्कटलं असतं. मी नाही सोडला.

हिशेब सोपा आहे, बोटांवर होईल. पांढऱ्या भाताच्या एका फोटोत तीस कण, त्यातले पंधरा काळे. म्हणजे अर्धेच भरलेले. त्यात माझे सोळा ठिपके कॉम्प्युटरने परागकण म्हणून धरले. झाले शेहेचाळीस कण, त्यातले एकतीस काळे. शंभरात सदुसष्ट. लाल भात त्रेसष्ट, पांढरं सदुसष्ट. एकदाही खोटं न बोलता मी हरलेल्याला जिंकवून दिलं होतं.

मनालीने गावात जाऊन सांगितलं. देवळाच्या पडवीत बावीस घरांची माणसं बसली होती. हे मी बघितलं नाही, विठूदादाने खोली झाडताना सांगितलं. तिने दोन्ही आकडे नीट समजावले, शेवटी हौसामावशीकडे वळून म्हणाली, “मावशी, तुम्हीपण या साली पांढरंच लावा. मला तुमचं नुकसान झालेलं चालणार नाही.” ती हे मनापासून म्हणाली, हेही टिपून ठेवा. मावशीने विचारलं, “मशिनीत तूच बघितलंस ना?” मनाली म्हणाली, “हो.” आणि तिथेच ते ठरलं. तिने मशिनीत बघितलं नव्हतं. पडद्यावर बघितलं होतं.

भाताचं बियाणं कणगीत वर्षानुवर्षं राहत नाही. दोन पावसाळे चुकले की उगवणीला येत नाही, आणि ते आधीच एक पावसाळा चुकलेलं होतं. मावशीचा बेत होता, आणखी उशीर न करता येत्या मृगाला पेरायचं आणि ताजं करून घ्यायचं. तो बेत आता मोडला. मे महिन्यात तिने कणगी उपसली, भात गिरणीत भरडून आणलं आणि लाल तांदळाची पेज घरात महिनाभर शिजली. जाता जाता तिने एक पुडी मनालीला दिली. मनालीने ती माझ्याच शेजारी बसून उघडली आणि आतल्या लाल तांदळाचा वास घेऊन बघितला. “किती छान लागेल ना?” ती विठूदादाला म्हणाली. तिची मुदत एका वर्षाने वाढली होती.

पांढऱ्या भाताचे फोटो झाल्यावर मला वर्षभर कुणी वापरलं नव्हतं, म्हणून उघडलंही नव्हतं. ऑक्टोबरात काळुराम आला. चप्पल दाराबाहेर काढून आत आला आणि टेबलावर एक लोंबी ठेवली. लांब, देखणी, पिवळीधमक.

“दाबून बघा,” तो म्हणाला.

मनालीने एक दाणा चिमटीत दाबला. तो चपटा झाला. दुसरा दाबला. तिसरा. आत काहीच नव्हतं, नुसता कोंडा.

“आर्दं शेत आसंच हाय,” काळुराम म्हणाला. आवाज चढलेला नव्हता, त्यामुळे ते ऐकायला जास्त जड गेलं. “बावीस घरांचं. लोंबी उभीच्या उभी राहते ना वाऱ्याला, तवाच मना कललं. भरलेली लोंबी वाकते.”

तो गेल्यावर मनालीने मागच्या सालचे पांढऱ्या भाताचे फोटो उघडले आणि एकामागून एक, भराभर पुढे ढकलायला सुरुवात केली. मोजायला नाही, नुसते बघायला. प्रत्येक फोटोत कण इकडचे तिकडे होत होते, उडत होते, आणि त्या सगळ्या गडबडीत सोळा ठिपके जागच्या जागी बसून होते. तिघं जवळजवळ, एक कोपऱ्यात.

विठूदादा मागे झाडू घेऊन उभा होता. तो म्हणाला, “मॅडम, मूर्ती हलवली आन् डाग नाय हलला, तर डाग मूर्तीवर नसतो. काचेवर असतो.”

त्याने मला उघडलं. काच बोटात धरून उजेडाकडे केली आणि बघत राहिला. त्याला कुणी काही सांगावं लागलं नाही.

“ही बुरशी पिशवीतली हाय,” तो म्हणाला. मग काच टेबलावर ठेवत, “कारखान्यात पयला धडा असतो, रंग सुकल्याबिगर पिशवी घालायची नाय. आतली ओल आतच राहते, सोन्याचा रंग काला पडतो. नवीन पोरानं घातली असती तर त्याच्या हातून वढून घेतली असती मी. आन् हितं मीच ओलं पुसून बांधला.”

“दादा, कोरा फोटो मी काढायला हवा होता,” मनाली म्हणाली.

दोघंही आपापला दोष सांगत होते आणि मी मधे बसून दोघांचं ऐकत होतो. माझा दोष सांगायला कुणी नव्हतं. त्याच रात्री माझा स्क्रू घसरला. आता घसरून उपयोग नव्हता.

मनालीने जुन्या फोटोंतले ते सोळा ठिपके खोडून दोन्ही भातांचे कण पुन्हा मोजले, या वेळी आपल्या डोळ्यांनी. दोन महिने लागले. पांढरं भात शंभरात पन्नास. मग तिने जुन्या आकड्यांवर लिहिलेला शोधनिबंध जिथे पाठवला होता तिथे कळवून तो मागे घेतला आणि गावात जाऊन त्याच पडवीत उभी राहिली. काय काय चुकलं ते सांगितलं. काळुराम म्हणे एवढंच बोलला, “सांगाया आलीस, हे बाकी बरं केलंस.”



त्यानंतर मनालीने लाल भाताचं बियाणं शोधायला खाडीकाठची गावं पालथी घातली. शेवटी पलीकडच्या तीरावर एका घरात सापडलं. दोन पायल्या घेऊन ती आली, मावशीला संस्थेत बोलावलं आणि दाणे तिच्या ओंजळीत घातले. मावशीने ओंजळ उजेडात धरली. “आमचं नाय यो,” ती म्हणाली. “आमच्या दान्याला पोटाशी रेघ असते. पन चालल. लाल तर हाय.”

“खाऱ्यात टिकेल का मावशी? तुम्हाला काय वाटतं? नीट बघा ना.”

मावशीने ओंजळ मनालीच्या टेबलावर रिकामी केली, हात पदराला पुसले.

“मना नको दाखवू गो,” ती म्हणाली. “तू बघ मशिनीत.”

तेव्हापासून ती असंच म्हणते, असं विठूदादा सांगतो. गावात कुणी रोप घेऊन आलं, दाणा घेऊन आलं, हौसाआते हे कसं वाटतं बघ, तर ती म्हणते, संस्थेत दाखवा.

मित्रांनो, मला इथे आणून ठेवलं ते मनालीने, निडी तिच्या वाटेवर म्हणून. तुमच्याकडे माझं मागणं थोडंच आहे. मला सुती कापडाने झाका, प्लॅस्टिक नको. ओल्या फडक्याने पुसलंत तर वाळू द्या. बघायच्या आधी एकदा कोरी काच ठेवून बघा. एखादा ठिपका शंकेचा वाटला तर पट्टी सरकवा. ठिपका पट्टीबरोबर सरकला तर तो तिच्यावरचा, जागचा हलला नाही तर माझा. माझा असेल तर मोठ्याने सांगा, मला वाईट वाटेल म्हणून गप्प बसू नका. मी गप्प बसून बघितलं आहे. आणि शेजारी बसलेलं कुणी, मग ते पहिल्या बाकावरचं असो नाहीतर दाराशी उभं असलेलं, म्हणालं की हा मघाशी पण इथेच होता, तर हात थांबवा. गाडी चुकली तर चुकू दे. पुढची असते.

आता कुणाचं काय झालं ते सांगतो आणि थांबतो. मनालीने वाचवलेले दोन महिने तिला परत द्यावे लागले, शिवाय निबंध गेला, नोकरी राहिली. विठूदादाचं नुकसान कागदावर दिसत नाही, पण तो आता काहीही झाकायच्या आधी हात लावून बघतो, कोरडं आहे ना, आणि मग पुन्हा एकदा बघतो. सुशील सरांनी ‘जुन्या यंत्रामुळे घोटाळा’ असं लिहून अर्ज टाकला आणि त्यांना नवं यंत्र मिळालं, तेव्हा त्यांचा फायदाच झाला. मला भंगाराची भीती होती. मला खिडकी मिळाली, उजेड मिळाला, तुम्ही मिळालात. बावीस घरांनी माझ्या चुकीचा दंड म्हणून एका वर्षाचं अर्धं भात भरलं. हौसामावशीने ते भरलंच, वर बियाणं भरलं, आणि स्वतःच्या डोळ्यांवरचा विश्वासही तिनेच भरला. ठिपके माझे होते.